चौथ्या रिळातला आवाज

फिटरमामांनी तो सिनेमा एकवीस वेळा ऐकला होता. ‘पाहिला’ हा शब्द त्यांना चालत नसे. “पाह्यला एकडाव. बाकी वीसडाव आयकला,” असं ते म्हणत, आणि ते अक्षरशः खरं होतं. थेटरात लोक मागच्या रांगांसाठी रेटारेटी करत, तेव्हा मामा सगळ्यात पुढं, कोपऱ्यात, आवाजाच्या पेटीजवळ जाऊन बसत. पडद्याकडे डावा कान, मान खाली, डोळे मिटलेले. नवख्याला वाटे, झोपलाय. एकदा दारावरच्या माणसानं त्यांना खांद्याला धरून हलवलं. “तिकीट काढून झोपाले येता काय?” मामांनी डोळे न उघडता सांगितलं, “वर जाऊन ऑपरेटरले सांगा, फिल्लम ढिली चालून राह्यली. आवाज डुलते.” तो माणूस हसत वर गेला आणि न हसता खाली आला. त्यानंतर कारंजाच्या थेटरात मामांना कोणी उठवलं नाही.

मी मूळची अकोल्याची. सत्तरच्या दशकात कारंजाच्या एका शाळेत विज्ञानाची शिक्षिका म्हणून लागले आणि मामांच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या मला राहायला मिळाल्या. भिंतीवर बुद्धाची तसबीर, अंगणात कडुलिंब, आणि मागच्या बाजूला मामा-मामी. दोघांना मूलबाळ नव्हतं. पहिल्याच सकाळी मी स्टोव्ह पेटवला, तर अंगणातून आवाज आला, “बाई, पिन मारा. भोक अर्धं बुजेल हाय.” मी स्टोव्हला पिन मारली. निळी ज्योत सरळ वर आली. अंगणात जाऊन पाहिलं, तर मामा माझ्या दारापासून बरेच लांब, नळापाशी दात घासत उभे होते. मी पदवीला भौतिकशास्त्र घेतलं होतं आणि त्याचा मला थोडा ताठाही होता. तो ताठा उतरायला त्या सकाळपासून सुरुवात झाली.

ते कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. गावात सगळे त्यांना फिटर म्हणत, मी मामा जोडलं. दिवाळीनंतर कापूस येऊ लागला की जिनिंगमध्ये एवढा गोंगाट असे की शेजारच्या माणसाशी बोलायला त्याच्या कानाला तोंड लावावं लागे. मामा पाळीवर जाताना दारात क्षणभर थांबत, मान वाकडी करत आणि मग आत शिरत. एकदा मी त्यांचा डबा द्यायला गेले होते. मामा दारात थांबले ते थांबलेच. मग सरळ चालत गेले आणि एका यंत्राचा पट्टा उतरवला. मुकादम धावत आला, चांगलं चालतं यंत्र बंद का केलं म्हणून ओरडू लागला. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक यंत्रावर टेकवायचं आणि मुठीला कान लावायचा, अशी मामांची रीत होती. त्या दिवशी तेही केलं नाही. नुसतं म्हणाले, “खोला.” खोललं तर बेरिंगला केसाएवढी चीर गेलेली. अजून तास-दोन तास चाललं असतं तर त्या यंत्राशी काम करणाऱ्या बायांचं काय झालं असतं, हे मुकादमानं स्वतःच मोठ्यानं बोलून दाखवलं. मामांना त्याचं काही नव्हतं. “तेरा यंत्रं एका सुरात बोलत होते, हे एकलं रडून राह्यलं होतं,” एवढंच म्हणाले आणि माझ्या हातातला डबा घेतला.

अशा कानाचा माणूस एकच सिनेमा पुन्हा पुन्हा का ऐकतो, हे मला कळत नव्हतं. मग एका रविवारी त्यांनी मला वही दाखवली.

साधी शंभर पानी वही. मामा चौथीपर्यंत शिकले होते, अक्षर मोठं आणि टोकदार. प्रत्येक पानावर गावाचं नाव, जागा आणि ऐकलेल्या आवाजाची नोंद. ‘मानोरा. तंबू. फिल्लम लय फिरेल. पावसावानी खरखर. माय नाकात बोलते.’ ‘वाशीम. थेटर. पेटी नवी, फिल्लम जुनी. आवाज मोठा, खरोचे बी मोठे. लाकूड अर्धं.’ ‘कारंजा, तिसऱ्यांदा. चौथ्या रिळात तुकडा कापेल. लाकूड नाही.’ एका पानावर ‘रेडू’, म्हणजे रेडिओ, असं लिहून खाली लिहिलं होतं, ‘सगळ्यात सोच्छ. पन मंधातच कडकड.’ मी वही शेवटपर्यंत चाळली. वर्गात मी मुलांना शिकवत होते की प्रयोगात एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं. हा माणूस कुणी न शिकवता तेच करत होता. दरवेळी पुढचा कोपरा, दरवेळी डावा कान, दरवेळी तोच सिनेमा. बदलत होती ती फक्त प्रत.

“लाकूड म्हणजे काय, मामा?”

त्यांनी वही मिटली. “चौथ्या रिळात हाय एक जागा,” ते म्हणाले. “पोरगा घर सोडून जाते. माय त्याच्यासाठी वाढेल ताट झाकून ठेवते. गानं नाही, बोलनं नाही, काई नाही. थ्या शांततेत एक आवाज होते. लाकडाचा. लाकडाचाच हाय काय, थे पाहाचं हाय मले.”

एवढं सांगून वही घेऊन ते मागच्या बाजूला गेले. मामींना विचारलं, तर त्या सूप पाखडता पाखडता म्हणाल्या, “थे सिनेमाच्या कारखान्यात होते लगनाच्या आधी. त्यायचा एक दोस्तदार होता, त्यायच्याच गावचा, अनसिंगचा. त्याचं नाव घरात काढत नाहीत, बाई. तुमीबी नका इचारू.” मामी स्वतः सिनेमाला कधीच जात नसत. अंधारात बसलं की त्यांना गुदमरायला होई.

गावातल्या काही श्रीमंत घरांत त्या सिनेमाच्या संवादांच्या तबकड्या होत्या. जिनिंगच्या शेटजींकडेही होत्या. शेटजी मोठे हौशी. त्यांनी मामांना बोलावून ग्रामोफोनची सुई बसवून घेतली आणि बदल्यात तबकडी ऐकवली. मी उत्सुकतेनं विचारलं, कशी वाटली? मामा हिरमुसले होते. आवाज चांगला होता म्हणे, तंबूतल्या आवाजापेक्षा कितीतरी गोड, आईचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. “पन थो सीनच आखूड केला. ती ताट झाकते, लगेच दुसरं बोलनं चालू. मंधातली शांतता कापून टाकली. शांतता कोन आयकते, म्हनून.” त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात महत्त्वाची जागा कुणीतरी कात्रीनं उडवली होती आणि ती उडवणाऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता.

तिसऱ्या वर्षी शेटजींनी मुंबईहून घरी सिनेमा दाखवायचं लहान यंत्र आणलं. त्याच्यासोबत लहान आकाराच्या फिल्मवरचे चार-पाच जुने सिनेमेही आले. शेटजींच्या मुलाचं लग्न होतं, पाहुण्यांना दुपारी घरातच सिनेमा दाखवायचा बेत होता. यंत्र जोडायला फिटरला बोलावणं आलं. मामांनी डबे उघडून नावं वाचली आणि तडक माझ्या शाळेत आले. आयुष्यात पहिल्यांदा ते शाळेच्या फाटकातून आत आले असतील. कपड्यांवर कापूस चिकटलेला, हात तेलकट. “बाई, शाळेचं टेप भेटन काय दोन रोजासाठी? कोरी फिल्लम हाय. एकडाव बी चालली नाही.”

मुख्याध्यापकांना ध्वनीच्या धड्यासाठी हवा आहे असं सांगून मी तो जड टेपरेकॉर्डर रिक्षात घालून नेला. त्यात खोटं काही नव्हतं. आवाजाविषयीचा माझा सगळ्यात मोठा धडा त्याच आठवड्यात झाला.

शेटजींच्या दिवाणखान्यात खिडक्यांना घोंगड्या लावल्या होत्या. असली लहान यंत्रं चालताना फार खडखडतात. मामांनी यंत्र शेजारच्या खोलीत ठेवलं आणि मधल्या झरोक्यातून पडद्यावर प्रकाश पाडला. झरोक्याच्या उरलेल्या जागेत उशा कोंबल्या. पाहुण्यांना वाटलं, लग्नघरातला हा कोण विचित्र माणूस. मी आवाजाच्या पेटीसमोर माइक धरून बसले, मामा माझ्या शेजारी, डावा कान पुढं.

मोठ्या फिल्मचं चौथं रीळ इथं दुसऱ्या चकरीत आलं. आईनं ताट झाकलं. मी तो सिनेमा आधी एकदा तंबूत पाहिला होता, तेव्हा त्या जागी नुसती चरचर ऐकू आली होती. आज तिथं शांतता होती. इतकी की मागं बसलेल्या बायकांच्या बांगड्यासुद्धा थांबल्या. आणि त्या शांततेत, अगदी बारीक, काहीतरी वाजलं. एकदा. मग पुन्हा, जरा लांब. मला ते कसलं आहे ते कळलं नाही. मामांनी डोळे न उघडता डावा कान आणखी पुढं केला.

परत येताना ते म्हणाले, “आवाज लहान हाय. मोठ्या फिल्लमवानी भरीव नाही. पन नितळ. याच्यावरून अजून कोनी चाललं नाही.” थोडं पुढं गेल्यावर म्हणाले, “लाकूडच वाटते.” मग घराच्या ओट्यावर बसून, मामी आत भाकरी करत असताना, त्यांनी मला सगळं सांगितलं.

मामांचं नाव दौलत. ते आणि त्यांचा मित्र किसना एकाच वेळी गाव सोडून बाहेर पडले होते. फिरत फिरत लांबच्या एका सिनेमा कंपनीत लागले. दौलत आवाजाच्या खात्यात. माइक लांब बांबूला बांधलेला असायचा, तो बांबू दोन्ही हातांनी डोक्यावर धरून नटांच्या वर तोलायचा. किसना शिडीवर बसून दिवा धरायचा. त्या दिवशी आई ताट झाकते तो प्रसंग होता. ते काम करणाऱ्या बाईंनी पहिल्याच खेपेला असं काही केलं, की सगळा सेट स्तब्ध झाला. दुसऱ्या दिवशी फिल्मची पट्टी धुऊन आल्यावर आवाजाच्या साहेबांनी ऐकली, तर शांततेत एक बारीक आवाज. बाई म्हणाल्या, माझ्याकडून आता पुन्हा तसं होणार नाही. प्रसंग तसाच ठेवावा लागला. साहेबांनी सगळ्यांना उभं केलं आणि विचारलं, आवाज कुणाचा?

“मी म्हनलं, शिडी वाजली,” मामा सांगत होते. “मी सगळ्यायच्या जवळ होतो, माह्या कानावर साहेबाचा भरोसा. मी शिडी म्हनलं, त्यायनं मानलं. किसनाले त्याच रोजी काढून टाकलं.”

“आणि किसना काय म्हणाले?”

“काईच नाही. खाली मान घालून उभा होता. मले वाटलं, गुन्हा कबूल हाय. जातानी माह्याशी बोललाबी नाही.” मामा थांबले. “मंग वरीसभरानं माह्यंबी मन उडालं तिथून. इकडं आलो. पन बाई, थ्या रोजी मी खरं बोललो काय? शिडीच होती काय? एवढं मले पक्कं कराचं हाय. लाकूड असन तं मी खरा. नसन तं एका मानसाची भाकर मी उगाच हिसकली.”

एकवीस वेळा. मानोरा, वाशीम, कारंजा, रेडिओ, तबकडी. अंगावर कापूस घेऊन पाळी संपवायची आणि एसटीनं तंबू गाठायचा, ते एवढ्यासाठी. कुणी त्यांना जाब विचारला नव्हता. विचारणारे साहेब बहुधा हयातही नव्हते. हा माणूस स्वतःच स्वतःवर खटला चालवत होता आणि पुरावा गोळा करत गावोगाव फिरत होता.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. दुपारी अंगणात कडुलिंबाखाली आम्ही टेप लावला. तेवढीच जागा मी पुन्हा पुन्हा मागं नेऊन वाजवत होते. पाच वेळा, सात वेळा. मामा पेटीला कान लावून म्हणत, “कर्र वाजते पाहा. जुनं सागवान असं वाजते.” मला ते पटतही होतं आणि नाहीही. आठव्यांदा मी आवाज थोडा मोठा केला. आतून, स्वयंपाकघरातून, मामींनी हाक मारली,

“बाई, मामा झोपले काय बाहीर? नाक वाजून राह्यलं त्यायचं. आत येऊन झोपा म्हना, ऊन लागन.”

मी टेप थांबवला. मामींना कोणी काही सांगितलेलं नव्हतं. त्या सिनेमाला गेल्या नव्हत्या, टेपमध्ये काय आहे हेही त्यांना ठाऊक नव्हतं. बाहेरून उत्तर येईना म्हणून त्या दारात आल्या आणि मामांना टक्क जागं बसलेलं पाहून म्हणाल्या, “आँ? मंग हे कोनाचं नाक वाजत होतं?”

लहानपणी मामांच्या नाकावर बैलाचं शिंग बसलं होतं. हाड वाकडं जुळलं होतं. खोल श्वास घेतला की नाकातून बारीक शीळ निघे. ती मलाही ऐकू येत असे, भिंतीपलीकडून, तीन वर्षं. पण ती शीळ त्या सिनेमात शोधायचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आणि शेटजींच्या चौदा यंत्रांतलं एक रडणारं यंत्र दारातून ओळखणाऱ्या माणसाला, जन्मभर स्वतःच्या नाकात वाजणारा हा आवाज कधी ऐकूच आला नव्हता.

मला वाटलं, ते वाद घालतील. निदान मामींवर चिडतील. मामा उठले, मागच्या बाजूला गेले आणि वाळत घालायचा लांब बांबू घेऊन आले. त्याच्या टोकाला त्यांनी पाण्यानं भरलेला तांब्या बांधला, माइकच्या वजनाएवढा. मग दोन्ही हातांनी तो डोक्यावर तोलून उभे राहिले.

“बाई, टेप चालू करा. मी खाली ठेवन तवाच बंद करजा.”

“मामा, राहू द्या.”

“चालू करा.”

ते किती वेळ उभे होते कुणास ठाऊक. हात थरथरू लागले, मानेच्या शिरा फुगल्या, कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला. मामी पदर तोंडाला लावून दारात उभ्या होत्या. शेवटी त्यांनी बांबू खाली ठेवला आणि मातीत बसले. मी आधी सिनेमातला तुकडा वाजवला, मग हा. मग पुन्हा तो, पुन्हा हा. तीच शीळ. एकदा आखूड, एकदा लांब. एक पोराची होती आणि एक पन्नाशीच्या माणसाची, एवढाच फरक.

मामांनी वही मागवली. नवं पान काढलं, गाव लिहिलं, जागा लिहिली आणि खाली लिहिलं, ‘लाकूड नाही. मी.’

मोठी माणसं मी पुढं बरीच पाहिली. भाषणं ऐकली, हार घातलेले पाहिले. पण आपल्याविरुद्धचा पुरावा स्वतःच्या हातानं डोक्यावर धरून उभा राहिलेला दुसरा माणूस मला दिसला नाही. मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली, तरी ते अंगण मी विसरले नाही.

तीन-चार दिवस ते पाळीवर जाऊन येत राहिले. मग शनिवारी माझ्या दाराशी आले. “ऐतवारी अनसिंगले येता काय, बाई? मले एकट्याले जमनार नाही.”

सकाळच्या पहिल्या एसटीनं आम्ही निघालो. वाशीमला गाडी बदलली. मामा सबंध वाटेत खिडकीबाहेर पाहत होते. अनसिंगला उतरल्यावर त्यांनी कुणाला पत्ता विचारला नाही. किसनाच्या दुकानात ते इतक्या वर्षांत एकदाही गेले नव्हते, पण ते कुठं आहे हे त्यांनी केव्हाच लोकांकडून ऐकून ठेवलं होतं. बाजाराकडे जाणाऱ्या वाटेवर सायकल दुरुस्तीचं दुकान. दोन-चार माणसं बाकावर बसलेली. मधोमध एक उंच, वाळलेला माणूस सायकल उलटी करून चाकाच्या तारा ताणत होता.

“किसना,” मामा हळूच म्हणाले.

त्या माणसानं वर पाहिलं नाही. मामांनी पुन्हा हाक मारली. बाकावरचा एकजण म्हणाला, “जोरानं बोला. बहिरे हाये थे. काई आयकू येत नाही त्यायले.”

मामांचा चेहरा मी त्या वेळी पाहिला. त्यांनी काय ठरवलं असेल, वाटेत कोणते शब्द जुळवले असतील, ते सगळं हळू बोलायचं होतं. कबुली कोण ओरडून देतं? बाकावर माणसं होती, रस्त्यानं बाजाराला जाणारी माणसं होती. मामा पुढं झाले, किसनाच्या समोर उभे राहिले आणि त्यानं ओळखून उठायच्या आत, जिनिंगमध्ये बोलतात तसे पूर्ण गळा फाडून ओरडले,

“किसना! शिडी नव्हती वाजली! माह्यं नाक वाजलं होतं! मी खोटं बोललो तुह्यावर!”

रस्त्यावरची माणसं थांबली. किसनानं पाना खाली ठेवला. त्यानं ऐकलं की ओठ वाचले कोण जाणे, पण त्याला कळलं होतं. तो बोलला तेव्हा त्याचा आवाज अगदी बारीक होता, स्वतःला ऐकू न येणाऱ्या माणसांचा असतो तसा.

“मले मालूम होतं, दौल्या.”

“काय?”

“तवाच मालूम होतं. एका गोधडीत झोपत होतो आपन. तुह्यं नाक मी वळखनार नाही काय?”

मामा पुन्हा ओरडले, “मंग काहून नाही बोलला? साहेबानं इचारलं तवा काहून नाही सांगतलं?”

किसनानं बाकावरच्या माणसांना हातानंच बाजूला केलं आणि मामांचा हात धरून त्यांना खाली बसवलं. “तुही माय जाऊन आठ रोज झाले होते,” तो म्हणाला. “तार उशिरा आली होती. तुले जाता आलं नव्हतं. आन सीन कायचा होता? माय ताट झाकून ठेवते. तू बांबू धरून रडून राह्यला होता, दौल्या. मी वरून पाहून राह्यलो होतो. तुह्या डोळ्यातलं पानी गालावरून खाली चाललं होतं, आन हात तं रिकामे नाहीत पुसाले. तुले सोताले तरी मालूम होतं काय, मले नाही वाटत. आता रडनाऱ्या मानसाचं नाव साहेबाले मी कसं सांगू?”

मामांनी ओट्यावर मला सगळं सांगितलं होतं, पण आईचं सांगितलं नव्हतं. लपवलं होतं असं मला वाटत नाही. एवढी वर्षं त्यांनी आवाजाचा कसून शोध घेतला, तो कशानं निघाला असेल हा विचारच त्यांना कधी शिवला नव्हता. ते किसनाकडे पाहत राहिले. मग गुडघ्यांवर डोकं टेकवून, भर बाजारच्या रस्त्यावर, मोठमोठ्यानं रडू लागले. किसना त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होता आणि लोकांना सांगत होता, “माह्या गावचा हाय. दोस्त हाय माहा.”

थोड्या वेळानं मी जवळ गेले. मामांनी डोळे पुसले. “बाई, तुमी जा. मी येतो मांगून.”

दुपारच्या एसटीनं मी एकटीच परत आले. मामी दारातच होत्या. मला एकटीला पाहून त्या दचकल्या असाव्यात, पण त्यांनी घाईनं काही विचारलं नाही. पाण्याचा तांब्या माझ्या हातात दिला.

“बोलले काय?”

“बोलले.”

“दोघंबी?”

“दोघंही.”

मामी आत गेल्या. परातीत भाकरीचं पीठ काढलेलं होतं, त्यातलं अर्धं त्यांनी पुन्हा डब्यात ओतलं आणि डब्याचं झाकण लावून तिथंच कितीतरी वेळ बसून राहिल्या.

मामा चौथ्या दिवशी आले. ऐन कापसाच्या हंगामात त्यांनी आजवर एकही पाळी चुकवली नव्हती. मी शाळेतून येत होते, ते फाटकाशी भेटले. खांद्यावर किसनाचा पंचा, अंगात किसनाचा सदरा, बाह्या दोन बोटं लांब. मी विचारलं, “कसे आहात, मामा?” त्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. त्यांनी हसत गळ्याकडे बोट दाखवलं. चार दिवस बहिऱ्या मित्राशी बोलून बोलून त्यांचा आवाज पार बसला होता. पुढचा आठवडाभर ते जिनिंगमध्ये हातवारे करूनच काम सांगत होते.